सिंगल फेज २०० अँपिअर मिग मशीन: घरच्या गॅरेजात स्पोर्ट्स कारची चासी जोडायला कसं?

हा रिव्ह्यू एका ब्रँडचा नाही, एका वर्गाचा आहे. सिंगल फेजवर चालणारं, इन्व्हर्टर पद्धतीचं, गॅसवाली आणि गॅसलेस (आत फ्लक्सची पूड भरलेली) दोन्ही वायर घेणारं, वायरचं ५ किलोचं रीळ, म्हणजे स्पूल, पोटात बसणारं २०० अँपिअरचं मिग मशीन. मिग म्हणजे वायर आपोआप पुढे सरकते आणि तिच्या टोकाशी पेटलेल्या विजेच्या ज्योतीने, म्हणजे आर्कने, वितळून जोड भरते ते वेल्डिंग. वर्कशॉपच्या भाषेत ‘सीओटू मशीन’, मग त्यात सीओटू भरा नाहीतर मिक्स गॅस. नावं आणि रंग अनेक, आतली मांडणी बरीचशी सारखी. म्हणून कुठलंही घ्यायला गेलात तरी खालच्या कसोट्या लागू पडतील.

काम कोणतं धरलंय तेही सांगतो. चौकोनी नळ्यांची, दोन सीटची, पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेली ‘सेव्हन’ जातीची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा. १९५७ साली लोटसने सेव्हन बाजारात आणली, १९७३ साली तिचे हक्क केटरहॅमकडे गेले, आणि १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी ती घरी कशी बांधायची ते पुस्तकात मांडल्यावर ‘लोकॉस्ट’ हे नाव रूढ झालं. जगभर घरच्या गॅरेजात बांधल्या जाणाऱ्या चासींमध्ये ही सगळ्यात सरावाची. मुख्य माल २५ × २५ मिमीची चौकोनी नळी, जाडी १६ गेज, म्हणजे साधारण १.६ मिमी.

रस्त्याबद्दल दोन वाक्यं, कारण प्रश्न हमखास येतो. ब्रिटनमध्ये अशी एकच गाडी बांधून आयव्हीए नावाच्या तपासणीतून पास करून नंबर घेता येतो. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६व्या नियमाप्रमाणे प्रोटोटाइप पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून पास व्हावा लागतो आणि तो मार्ग कारखानदारासाठी आखलेला आहे. गॅरेजात बांधलेली गाडी आरटीओत नेऊन नंबर मिळत नाही. तेव्हा ट्रॅक, खासगी जागा किंवा कॉलेजचा प्रोजेक्ट एवढंच डोक्यात ठेवून पुढे वाचा.

२०० या आकड्याचं काय करायचं

दुकानदार बोट ठेवतो २०० वर. चासीवाल्याने विचारायचं की हे मशीन खाली ५० अँपिअरला कसं चालतं. १.६ मिमी नळीला ८५ ते ९५ अँपिअर पुरतात. सस्पेन्शनच्या ३ मिमी ब्रॅकेटला ११० च्या आसपास. अख्ख्या फ्रेममध्ये याच्या वर जायची वेळ क्वचित येते. २०० अँपिअरचा उपयोग बिल्डिंगच्या गेटला होईल, चासीला नाही.

तीच गत ड्यूटी सायकलची. प्लेटवर ‘२०० अँपिअर, २५ टक्के’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ४० अंश तापमानात दर १० मिनिटांत अडीच मिनिटं. करंटचा वर्ग गुणिले टक्के हा हिशेब साधारण स्थिर राहतो, म्हणजे तेच मशीन १०० अँपिअरला जवळजवळ सलग चालायला हवं. आता चासीला आर्क किती वेळ पेटतो ते मोजू. साधारण ७० तुकडे धरा, प्रत्येकाची दोन टोकं, टोकाला चारही बाजू मिळून १०० मिमी जोड. १४ मीटर झाले. जोडाचं क्षेत्रफळ ६ चौरस मिमी धरलं तर साधारण ६६० ग्रॅम वायर. ०.८ मिमी वायर मीटरला जवळपास ४ ग्रॅम भरते, मिनिटाला ५ मीटर जाते. म्हणजे ३३ मिनिटं. ब्रॅकेट, सीटबेल्टचे माउंट, इंजिन माउंट धरून पाऊण तास.

पाऊण तास! महिनोन्‌महिने चालणाऱ्या कामात आर्क पेटतो तो एवढाच. बाकीचा वेळ मोजणं, कापणं, कानशीने घासणं, पुन्हा मोजणं. तेव्हा ‘६० टक्के ड्यूटी सायकल’ म्हणून जे जास्तीचे पैसे मागतात ते या कामासाठी देऊ नका. ते पैसे गॅस रेग्युलेटर आणि अर्थ क्लॅम्पवर (अर्थची वायर नळीला लावायच्या चिमट्यावर) घाला.

दुकानात करायची चाचणी

नुसतं प्लेटवर चालवून दाखवतात ते पाहू नका. ५ मिमी प्लेटवर कुठलंही मशीन छान दिसतं. सोबत २५ × २५ × १.६ ची दोनेक फूट नळी तुकडे करून न्या, आणि जमलं तर १ मिमी पत्र्याचा कपटा. टोकं घासलेली असू द्या. दुकानात मिक्स गॅस लावलेला आहे का ते आधी विचारा. सीओटूवर किंवा गॅसलेस वायरवर घेतलेली चाचणी १.६ मिमीबद्दल फारसं सांगत नाही.

पत्र्यावर ५० ते ६० अँपिअर, १५-१६ व्होल्ट ठेवून ३० मिमीची रेघ ओढा. चांगल्या मशीनचा आवाज एकसारखा चरचरतो, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. वाईट मशीन फट्‌फट् करतं, वायर जॉबला, म्हणजे जोडायच्या तुकड्याला, ठोसे मारते, मध्येच आर्क विझतो. प्लेटवर ‘३० ते २००’ असं छापलेलं असतं, पण या वर्गातल्या बऱ्याच मशीनांचा ६० च्या खाली आर्क टिकत नाही. चासीला तिथे रोज जावं लागत नाही, पण दोन नळ्यांच्या कडेला कडा लागते तिथे किंवा फट थोडी उघडी राहिली तिथे ७०-७५ वर यावं लागतं. जे मशीन ५५ ला शांत आहे ते ७५ ला भरवशाचं. आमचा कौल या एका चाचणीवर जवळजवळ ठरतो.

सिनर्जिक म्हणजे जाडी निवडली की व्होल्टेज आणि वायरचा वेग मशीन आपोआप जुळवतं, ही सोय नवख्याला खरंच उपयोगी आहे. फक्त व्होल्टेज वेगळं दोन-तीन पायऱ्या वरखाली करता आलं पाहिजे. ती सोय नसेल तर घेऊ नका, कारण कारखान्यातला तक्ता सपाट पत्रा धरून बनवलेला असतो. चौकोनी नळीच्या कोपऱ्यावर उष्णतेला पळायला जागा कमी असते. इंडक्टन्सचं बटण असेल तर ते वाढवल्यावर आर्क मऊ होतो, शिंतोडे कमी होतात, पण रस, म्हणजे वितळलेला धातू, पातळ होऊन जास्त पसरतो. १.६ ला मधल्या खुणेच्या किंचित खाली ठेवून सुरुवात करा.

वायर फीड, म्हणजे या वर्गाचं दुखणं

तक्रारी ऐकाल तर दहातल्या बऱ्याच ‘मशीन बिघडलं’ अशा असतात आणि उघडल्यावर सापडते फीडची गडबड. झाकण उघडून पहिल्यांदा फीडरचा, म्हणजे वायर पुढे ढकलणाऱ्या भागाचा, सांगाडा पाहा. प्लास्टिकचा असेल तर ताण वाढवला की तो थोडा वाकतो आणि रोलर तिरके बसतात. धातूचा असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. दोन रोलर ३ मीटरच्या टॉर्चला (हातात धरायचं वेल्डिंगचं तोंड आणि त्याची केबल) पुरतात, चार रोलर हवेतच असं नाही.

रोलरला दोन खाचा असतात, एक ०.८ ची आणि दुसरी बहुधा १.० ची. बाहेरून दिसणारा आकडा हा चालू खाचेचा की पलीकडच्या, हे मशीनगणिक वेगळं असतं. भिंगाने पाहून एकदा खात्री करा. साध्या वायरला ‘व्ही’ खाच, फ्लक्सच्या, म्हणजे गॅसलेस, वायरला दातेरी खाच. दातेरी रोलरवर साधी वायर चालवली तर तांब्याचा मुलामा खरवडून त्याचा चुरा लायनरमध्ये, म्हणजे टॉर्चमधून वायर नेणाऱ्या नळीत, साचतो, आणि एक दिवस वायर अडखळायला लागते.

ताण कसा ठेवायचा? टॉर्चचं तोंड लाकडाच्या फळीपासून एक इंचावर, तिरकं धरा आणि बटण दाबा. वायर फळीला आपटून गोल वळत बाहेर यायला हवी. रोलर नुसते घसरले तर पाव फेरा आवळा. याच्या पलीकडे आवळू नका, कारण टिप (टॉर्चच्या तोंडाशी वायर बाहेर पडते ती बारीक नळी) तुंबली की वायरने घसरलं पाहिजे. घसरली नाही तर ती रोलर आणि लायनरच्या मधे गुंता करून बसते, ज्याला सगळे ‘घरटं’ म्हणतात. स्पूलचा ब्रेकही बघा: बटण सोडल्यावर स्पूल अर्ध्या फेऱ्याच्या आत थांबलं पाहिजे.

टॉर्च युरो कनेक्टरची, म्हणजे मशीनपासून सुटी होणारी, घ्या. मशीनमध्येच कायमची जोडलेली टॉर्च खराब झाली की अख्खं मशीन घेऊन फिरावं लागतं. या वर्गात बहुधा १५ एके नावाच्या मापाची टॉर्च येते. तिच्या टिप, नोझल, लायनर कुठल्याही वेल्डिंग सामानाच्या दुकानात मिळतात. टिप मात्र बरोबर ०.८ चीच. १.० च्या टिपमध्ये ०.८ ची वायर टाकली की ती आत डुलते, करंट तुटक मिळतो आणि आर्क नको तिथे जातो. दहा टिप घेऊन ठेवा, त्या खर्चायच्याच वस्तू आहेत.

वायर आणि गॅस

वायर ईआर ७० एस-६ या प्रतीची, ०.८ मिमी. ०.६ मिमीने पातळ काम आणखी सोपं जातं हे खरं, पण ती इतकी लवचीक की या फीडरमध्ये घरटं होण्याचं प्रमाण वाढतं. आम्ही ०.८ च सुचवू.

गॅस आर्गॉन आणि सीओटूचं मिश्रण, ८०-२० किंवा त्याच्या जवळचं. प्रवाह मिनिटाला १० ते १२ लिटर. पंखा चालू असेल तर १५ करण्याऐवजी पंखा बंद करा. वरच्या पाऊण तासाच्या हिशेबाने ५४० लिटर लागतील, सराव आणि चुका धरून हजार. १० लिटर पाण्याच्या मापाचं सिलिंडर १५० बारला भरलं की त्यात दीड हजार लिटर गॅस असतो. म्हणजे एक छोटं सिलिंडर अख्ख्या चासीला होतं. ‘मोठंच घ्या, स्वस्त पडतं’ या आग्रहाला बळी पडू नका. गॅरेजात पुरुषभर उंचीचं सिलिंडर साखळीने बांधायला जागाही लागते.

नुसता सीओटू स्वस्त आहे आणि पेनिट्रेशन, म्हणजे धातूत शिरकाव, खोल देतो. जाड कामाला उत्तम. १.६ ला तोच खोलपणा अंगाशी येतो, भोक पडतं, शिंतोडे दुप्पट. शिवाय त्याला व्होल्टेज दीड-दोनने जास्त लागतं आणि रेग्युलेटर गोठू नये म्हणून हीटर. रेग्युलेटरही वेगळा, आर्गॉनचा सीओटूला बसत नाही.

गॅसलेस वायर या मशीनात चालते, जाहिरातीत ते मोठ्या अक्षरात असतं. चासीसाठी नको. ती फ्लक्सची वायर उलट्या पोलॅरिटीवर चालते, म्हणजे टॉर्च निगेटिव्हला. मशीनच्या तोंडावरची छोटी जोडवायर बदलायची असते. ती बदलायची विसरून ‘आर्क उडतोय’ म्हणणारे कमी नाहीत. आणि गॅसवर परत आल्यावर टॉर्च पुन्हा पॉझिटिव्हला घ्यायचीही तेवढीच विसरली जाते.

एक जोड, जवळून

आता मशीन चासीवर काय करतं ते एका टी-जोडावर पाहू. एक नळी आडवी, दुसरी तिच्यावर काटकोनात उभी.

नळी आयएस ४९२३ या भारतीय मानकाची, काळी किंवा तेलकट चकचकीत. जस्ताची जीआय नळी बिलकूल नको; जस्ताच्या धुराने ताप भरतो आणि जोडात बुडबुडे राहतात. काळ्या नळीवरची पापुद्र्यासारखी खपली फ्लॅप डिस्कने टोकापासून एक इंच काढा, बाहेरून आणि जमेल तेवढी तोंडाच्या आतून. तेल असेल तर ॲसिटोनने पुसा. ब्रेक क्लीनरने पुसू नका. त्यातल्या काही प्रकारांत क्लोरीनवालं द्रावण असतं आणि आर्कपाशी त्याचा विषारी फॉस्जीन वायू होतो.

फट अर्ध्या मिमीच्या आत. याच्या वर गेली की कुठलंही मशीन बदनाम होतं. चारही बाजूंच्या मधोमध ५-५ मिमीचे टॅक, म्हणजे तात्पुरते छोटे जोड, मारा, समोरासमोरच्या जोडीने. गुण्या लावा. मग ९० अँपिअर, १८ ते १८.५ व्होल्ट, वायर बाहेर ८ ते १० मिमी, टॉर्च पुढे ढकलत, १०-१५ अंश तिरकी.

कळीची गोष्ट अशी की मिगचा पहिला ५ ते ८ मिमी भाग थंड असतो. रस वर बसतो, आत मुरत नाही. आणि लोक नेमकी सुरुवात कोपऱ्यावर करतात. चौकोनी नळीत ताण कोपऱ्यावर साचतो, म्हणजे सगळ्यात कच्ची वेल्डिंग सगळ्यात ताणाच्या जागी. त्याऐवजी सपाट बाजूच्या मधल्या टॅकवरून आर्क पेटवा, कोपरा न थांबता वळवून घ्या, पुढच्या बाजूच्या टॅकवर सोडा. कोपऱ्यावर हात किंचित जलद, नाहीतर तिथे भोक पडतं. असे चार तुकडे झाले की जोड पूर्ण. पण चारही लागोपाठ मारू नका. एक मारला की चासीच्या दुसऱ्या टोकाला जा.

टॅक मारायला स्पॉट टायमर (ठरलेल्या वेळाने आर्क आपोआप बंद करणारी सोय) असलेलं मशीन मिळालं तर फार बरं. ०.५ ते ०.८ सेकंदांवर लावला की सगळे टॅक सारखे येतात.

जोड चांगला आहे का हे दिसण्यावरून कळत नाही. दोन-चार नमुने बनवा, एक मधोमध कापून कानशीने गुळगुळीत करा. जोडाची रेघ मूळ धातूत शिरलेली दिसली पाहिजे. दुसरा व्हाइसमध्ये धरून हातोड्याने आडवा पाडा. नळी जोडाच्या शेजारी फाटली तर पास. जोड पापडासारखा सुटला तर व्होल्टेज आणि वायरचा वेग दोन्ही वाढवा. असे दहा नमुने सलग पास होईपर्यंत चासीच्या नळीला हात लावू नये.

पास झालेला जोड नंतर ग्राइंडरने सपाट करून चकाचक करायचा मोह होतो. तो फोटोपुरता. घासलेला जोड पातळ झालेला असतो.

ओढ

वेल्डिंग थंड होताना जॉब स्वतःकडे खेचते. हा दोष मशीनचा नाही, पण मशीन शिव्या खातं. ६०० मिमीची उभी नळी एका अंशाने कलली की वरचं टोक साडेदहा मिमी सरकतं. तेवढ्यात बॉनेट बसत नाही.

म्हणून टेबल. ८ × ४ फुटांची १८ मिमी प्लाय, खाली ती हलू नये अशी चौकट, वर मधली रेघ आणि खालच्या फ्रेमचं पूर्ण मापाचं चित्र. नळ्यांच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे स्क्रूने बसवा. दोन्ही कर्ण मोजा, फरक १ मिमीच्या आत. प्लायवर फक्त टॅक. पूर्ण वेल्डिंग फ्रेम उचलून, नाहीतर प्लाय जळते आणि तिचा धूर रसात जातो. खालची आणि वरची फ्रेम, उभ्या, तिरक्या, सगळं टॅक झाल्यावरच पूर्ण वेल्डिंग, मधून बाहेर, डावीकडे एक तर उजवीकडे त्याच्या आरशातला एक. दर सातआठ जोडांनी कर्ण पुन्हा.

सस्पेन्शनची ब्रॅकेट सगळ्यात शेवटी, आणि मापं ब्रॅकेटपासून ब्रॅकेटला नव्हे तर मधल्या रेघेपासून. ३ मिमी ब्रॅकेट १.६ च्या नळीवर जोडताना आर्क ब्रॅकेटच्या बाजूला धरा आणि रस नळीवर वाहू द्या; उलट केलं तर नळीला भोक. ब्रॅकेटचे दोन कान वेल्ड होताना आतल्या बाजूला मिटतात आणि मग बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातली रबरी नळी) आत जात नाही. मधे बुशच्या लांबीचा, अर्धा मिमी जास्त असा लोखंडी तुकडा घालून १२ मिमीचा बोल्ट आवळा आणि थंड होईपर्यंत काढू नका. खरा रबरी बुश घालून वेल्ड केलात तर त्याचा वास आठवडाभर राहतो.

वीज

९० अँपिअर गुणिले १८.५ व्होल्ट, १६६५ वॅट. मशीनची कार्यक्षमता ८२ टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.७ धरला तर भिंतीतून साधारण १२.५ अँपिअर ओढले जातात. घरातलं १६ अँपिअरचं सॉकेट हे पेलतं. १३० अँपिअरला तोच हिशेब २० च्या वर जातो, तेव्हा रोल बारच्या (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीच्या) अडीच मिमी नळीसाठी वेगळी ३२ अँपिअरची लाइन लागेल.

एमसीबी ‘सी’ प्रकारचा. ‘बी’ असेल तर मशीन चालू करतानाच्या झटक्याला पडतो आणि लोक मशीन परत करायला निघतात. एक्स्टेन्शन अडीच चौरस मिमीच्या खाली नको, आणि ती पूर्ण उलगडून. ड्रमवर गुंडाळलेली वायर आत तापून वितळते. अर्थिंग नीट नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग मशीन आणा.

बॉक्समध्ये काय नसतं

रेग्युलेटर बहुधा नसतो. हेल्मेट असलं तर हातात धरायची काच, तिने दोन्ही हात मोकळे राहत नाहीत. आपोआप काळं होणारं हेल्मेट वेगळं घ्या. अर्थ क्लॅम्प पातळ पत्र्याचा असतो, तो पहिल्याच दिवशी पितळी, ३०० अँपिअरवाला करा. अर्थ रंगावर किंवा गंजावर लावला तर आर्क फट्‌फट् करतो आणि माणूस सेटिंग बदलत बसतो. क्लॅम्प जोडाच्या जवळ, घासलेल्या जागी.

ग्राइंडरचा चुरा मशीनचा वैरी आहे. मागच्या पंख्याने तो आत ओढला जातो, बोर्डावर बसतो, पावसाळ्यात ओल धरली की शॉर्ट. कापण्याचं काम आणि मशीन यांत भिंत नाहीतर निदान दहा फूट अंतर. महिन्याला एकदा प्लग काढून कोरड्या हवेने फुंका. घेण्याआधी तुमच्या गावात बोर्ड दुरुस्त करणारा कोण आहे आणि त्याच्याकडे याचे भाग मिळतात का, हे विचारा. दोन वर्षांच्या वॉरंटीचं मशीन कुरिअरने पाठवून तीन आठवडे वाट बघायची असेल तर वॉरंटीचा अर्थ कमी होतो.

दुसरं काही घ्यावं का

साधं रॉडचं मशीन घरात असतं म्हणून त्यावरच भागवू, असं वाटतं. १.६ मिमी नळीवर रॉडने जोड येतो, कसलेला फॅब्रिकेटर आणतोही, पण चारही बाजू, उलटे, अडचणीचे दीडशे जोड स्लॅग (रॉडच्या मुलाम्याची मळी) न अडकता आणि भोक न पाडता काढणं निराळं. टिग, म्हणजे टंगस्टनच्या सुईने आर्क पेटवून भरणीची तार हाताने घालायची पद्धत, सुंदर. फट मात्र त्याला जवळजवळ शून्य लागते, वेग कमी, म्हणून नळीत उष्णता जास्त आणि ओढही. नोचिंग, म्हणजे नळीची टोकं जोडाच्या आकारात कापणं, अचूक असेल, वेळ भरपूर असेल तर टिग घ्या. पहिली चासी असेल तर मिग.

रोल बार या मशीनवर घरी जोडायचा बेत असेल तर दोनदा विचार करा. स्पर्धेचे नियम चौकोनी पाइप मानत नाहीत. मोटार शर्यतींची जागतिक संघटना एफआयए, तिच्या नियमात मुख्य बार ओढून काढलेल्या, जोड नसलेल्या नळीचा, ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमीचा लागतो. फॉर्म्युला किंवा बाहा या कॉलेजांच्या गाडी बांधायच्या स्पर्धांतल्या टीमनी तर आधी आपली नियमावली उघडावी, तिथे गोल नळीची जाडीसुद्धा ठरवून दिलेली असते.

आमचा कौल: घ्या, पण ५५ अँपिअरची चाचणी पास झालेलं, युरो टॉर्चचं, धातूच्या फीडरचं. प्रकाशमान डिस्प्ले, मोबाइल ॲप, आणखी ५० अँपिअर, यांतलं काहीही किंमत वाढवत असेल तर सोडा. सुट्या तुकड्यांच्या पाच-सहा नळ्या सरावात जातील हे धरून माल आणा. चासीला सहा मीटरच्या आठ नळ्या लागतात, नळी मीटरला सुमारे १.१ किलो, म्हणजे वजनात पन्नासेक किलो.

आणि एक. चासी झाल्यावर ५ किलोच्या स्पूलमधली तीन किलोहून जास्त वायर उरते. ती मशीनमध्येच राहू देतात, जूनमध्ये तिला गंज चढतो, दिवाळीत टॉर्च अडखळते आणि लायनर बदलावा लागतो. शेवटचा जोड झाला की वायर कापा, मोकळं टोक स्पूलच्या भोकात वाकवून अडकवा, जाड पिशवीत सिलिका जेलसकट घालून घराच्या आत ठेवा. कोकणात तर हे पहिल्या वळवाआधीच.